तातडीची सेवा, सवडीनुसार

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयावर ‘24 तास तातडीची सेवा’ असा फलक आहे. फलक खोटा नाही. दिवा रात्रभर जळतो, दार उघडं असतं आणि केसपेपर कधीही निघतो. पुढचं ज्याचं त्याचं नशीब.

रुग्णालय तीस खाटांचं. सर्जनचं पद भरलेलं, भूलतज्ज्ञाचं रिकामं. त्यामुळे चकचकीत शस्त्रक्रियागृहाला कुलूप आणि सर्जनसाहेब ओपीडीत गळवं फोडतात. मध्यंतरी एक भूलतज्ज्ञ मिळाले होते. रुजू झाले, पेढे वाटले गेले आणि लगेच प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला गेले. पगार अजून इथूनच निघतो.

पावसाळ्यात साप चावलेले येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच, म्हणजे विज्ञानाने आपल्याकडून काम सोपं करून ठेवलंय. सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या द्याव्या लागतात. फ्रीजमध्ये निघतात चार. सहांची मागणी वर गेलेली असते. विषाला मात्र मागणीपत्राची वाट पाहायची सवय नाही. मग ‘पुढील उपचारार्थ’ अशी चिठ्ठी तयार होते, नातेवाइकांची सही घेतली जाते आणि रुग्ण सिव्हिलच्या वाटेला लागतो. या चिठ्ठ्यांचा साठा कधी संपल्याचं ऐकिवात नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. पुढे महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी रक्तदाबाची साधी प्राझोसिन गोळी कशी जीव वाचवते ते जगाला दाखवलं. चिठ्ठी लिहून मोकळं व्हायचं त्यांना सुचलं नसावं!

अर्थात, हाताशी असलेल्या डॉक्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. सकाळी ओपीडी, दुपारी शवविच्छेदन, संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरणे, रात्री अपघात आणि पेशंट दगावला तर जमावाचा मारही त्यालाच. रिक्त पदावर मात्र कोणी हात उगारत नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झालेत. चिठ्ठीही मोफत. 108 ची गाडीही मोफत, पण ती दुसऱ्या केसवर गेलेली असली की जीपवाला रात्रीचे दुप्पट घेतो. तेव्हा वाचकहो, शेतावर जाताना गमबूट घाला, बॅटरी घ्या आणि जीपवाल्याचा नंबर पाठ करून ठेवा.