पाच नोव्हेंबर, पहाटे सहा

माझ्या बायकोचा वाढदिवस ५ नोव्हेंबरला असतो. वाढदिवस विसरणाऱ्या नवऱ्यांत मीही सुखाने नांदलो असतो. पण तिचं माहेर पडलं सांगलीचं. त्या दिवशी पहाटे सहाला साताऱ्यात आमचा फोन खणखणतो आणि माझे सासरे, नाना, विचारतात, "जावईबापू, आज काय?"

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी हौसेनं म्हणालो, "हिचा वाढदिवस!" पलीकडे शांतता. मग गार आवाजात, "तो आहेच हो. मराठी रंगभूमी दिन!" दुसऱ्या वर्षी मी तयारीत होतो. फोन उचलताच "मराठी रंगभूमी दिन!" असं ठणकावलं. फोनवर सासूबाई होत्या. आणि माझ्या पाठीमागे, नुकतीच जागी झालेली बायको.

१८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. नाना हे सांगतात तेव्हा आपण विंगेत उभे होतो असाच थाट असतो. कर्नाटकातली भागवत मंडळी येऊन खेळ करून गेली, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं, आपल्याकडेही असं काही, पण जरा नेटकं व्हावं. काम भाव्यांच्या गळ्यात पडलं. गळा म्हणजे खरोखरच गळा. पदं सगळी सूत्रधारानं म्हणायची. लाजायचं सीतेनं, धनुष्य मोडायचं रामानं, घसा मात्र सूत्रधाराचा बसायचा. राक्षसांना गाण्याची कटकटच नाही. त्यांनी 'अललडुर्र' करून रंगभूमी दणाणून सोडायची. (माझ्या मते तिथली सगळ्यात सुखी माणसं तीच.)

पात्रं आपापली पदं मनसोक्त गाऊ लागली ती किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त, ३१ ऑक्टोबर १८८०ला. पण ते पडलं पुण्यात, म्हणून नाना ते भरभर उरकतात. "त्यांचे शिष्य देवल मात्र आमच्या हरिपूरचे हं!" एवढं बजावून पुन्हा सांगलीत परत.

मी सातारकर, गप्प किती बसणार? एकदा म्हणालो, "आमच्या जिल्ह्यात औंधचा संगीत महोत्सव आहे. अंतूबुवा जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९४०ला सुरू केलेला."

"तारीख?"

इथं सातारा चीत. उत्सव तिथीवर, अश्विनात; इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. दिनविशेषाच्या चौकटीत तिथीला कोण विचारतो! त्यावर नानांनी ८ सप्टेंबर १९३३ काढून आशा भोसल्यांचा सांगलीतला जन्म माझ्यासमोर ठेवला. मी मुकाट्यानं कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला. त्यांनी भडंगाची बशी सरकवली. तह झाला.

गेल्या वर्षी वाढदिवस सांगलीलाच केला. केक समोर, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि नाना सूत्रधार होऊन उभे. हातात झांजा म्हणून पोह्यांच्या डब्यांची झाकणं. नातीला सीता केलं. मी घसा खाकरला तसे नाना घाईघाईनं म्हणाले, "तुम्ही राक्षस व्हा. तुमचा आवाज त्यालाच बरा."

अपमान गिळून मी छाती भरून घेतली आणि दिलं ठोकून, "अललडुर्र!"

सगळ्या मेणबत्त्या विझल्या. बायको अजून फुंकर घालायला वाकतच होती.

"वन्स मोअर!" नाना झाकणं आपटत ओरडले, आणि काडेपेटी शोधू लागले. ती केव्हाच बायकोच्या मुठीत गेली होती.