पाणीतज्ज्ञ : उगम, प्रकार आणि वहनव्यय

महाराष्ट्रात कालव्याचे पाणी आठमाही आहे. पाणीतज्ज्ञ मात्र बारमाही. जूनमध्ये तो पेरणीची घाई करू नका म्हणतो, ऑगस्टमध्ये विसर्गाचे क्युसेक सांगतो, ऑक्टोबरमध्ये समन्यायी वाटपावर बोलतो आणि मार्चपासून टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्यांना जलसाक्षरतेचे महत्त्व पटवतो. देशात सर्वाधिक मोठी धरणे याच राज्यात आहेत, दोन हजारांहून अधिक. ओलिताखालचे क्षेत्र मात्र एकूण पिकाखालच्या क्षेत्राच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास घुटमळते. बांधलेली धरणे आणि भिजलेली जमीन यांच्यामध्ये जी ऐसपैस जागा उरते, तिच्यात या तज्ज्ञाचे वास्तव्य असते. जागा वाढली म्हणून तज्ज्ञ वाढले की तज्ज्ञ वाढले म्हणून जागा वाढली, यावर जाणकारांत एकमत नाही.

उगम

या क्षेत्रातले पहिले मोठे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दार उघडावे, खाली आले की मिटावे. मध्ये कोणाच्या फोनची गरज पडू नये. दार चालवण्याचा हक्क पाण्याच्या पातळीकडे सोपवणारी ही रचना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती. तिचे सामाजिक दोष पुढे लोकप्रतिनिधींच्या लक्षात आले.

संस्थात्मक विकास त्यानंतरचा. जलविज्ञानाचे प्रयोग करणारी, सध्या खडकवासल्याला असलेली केंद्रीय संस्था १९१६ ची. नाशिकची ‘मेरी’ १९५९ ची. तेव्हाच्या औरंगाबादची ‘वाल्मी’ १९८० ची. धरण कसे बांधावे याचे शास्त्र आधी उभे राहिले आणि बांधलेल्या धरणातले पाणी शेतापर्यंत कसे न्यावे हे शिकवणारी संस्था वीस-एकवीस वर्षांनी आली. या क्रमामुळे सिमेंटचा अनुभव मोठा आणि चारीचा अनुभव लहान, ही श्रेणीरचना पक्की झाली. आजही बदलीच्या दिवसांत बांधकाम मंडळासाठी रांग लागते आणि सिंचन व्यवस्थापनाची खुर्ची शिक्षा म्हणून मिळते.

आयोगी तज्ज्ञ

सर्वांत प्रतिष्ठित प्रकार हा. १९६२ चा बर्वे आयोग, १९७३ ची सुकथनकर समिती, १९८४ ची दांडेकर समिती, १९९९ चा चितळे आयोग आणि २०१३ ची केळकर समिती ही त्याची मुख्य ठाणी. यांतल्या एकाही अहवालावर अज्ञानाचा आरोप करता येत नाही, आणि नेमकी अडचण तीच आहे. अहवाल कच्चा असता तर फेटाळता आला असता; पक्का असल्यामुळे तो स्वीकारावा लागतो. स्वीकारलेला अहवाल खंडांत बांधून कपाटात ठेवतात आणि पुढच्या समितीच्या पहिल्या प्रकरणात त्याचा आदराने उल्लेख होतो.

चितळे आयोगाने राज्याची मांडणी पाच खोरी आणि पंचवीस उपखोरी अशी केली व नियोजन खोऱ्यानुसार करावे असे सांगितले. शासनाने ते मानले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात नदीखोरे अभिकरणे आली. अभिकरणे नव्याने स्थापण्याचा त्रास वाचावा म्हणून, धरणे बांधण्यासाठी आधीच काढलेल्या पाच पाटबंधारे महामंडळांनाच ते नाव देण्यात आले. एका व्याख्येच्या बळावर बांधकाम करणारी यंत्रणा खोऱ्याची पालक झाली. त्याआधीचा १९७६ चा पाटबंधारे अधिनियमही असाच गाजला: कायदा स्वतंत्र महाराष्ट्राचा, पण त्याखालचे नियम दशकानुदशके झाले नाहीत, आणि कालवे १९३४ च्या मुंबई कालवा नियमांवर वाहत राहिले. विधी विषयातल्या तज्ज्ञांनी यात कोणताही अडथळा पाहिला नाही, कारण पाण्यानेही पाहिला नव्हता.

आकडेतज्ज्ञ

या प्रकाराचा सुवर्णकाळ २०१२. त्या वर्षीच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून असे दिसले, की दशकभरात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चून सिंचित क्षेत्राचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढले. गदारोळ झाला, उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली आणि तिच्यात वाढ ५.१७ टक्के निघाली. दोन्ही आकडे तज्ज्ञांनीच काढलेले. एकात ओलिताखाली आलेल्या क्षेत्राचा हिशेब होता, दुसऱ्यात ओलिताच्या क्षमतेचा. क्षमता निर्माण झाली म्हणजे पाणी पोचले असे नव्हे, हे कोणत्याही शेतकऱ्याला कळते. ते न कळण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते.

याच शाखेची दुसरी करामत उजनीत दिसते. धरणात एकूण पाणी सुमारे ११७ टीएमसी मावते, त्यातले सुमारे ६३ टीएमसी मृत साठ्यात. टक्केवारी काढायची ती फक्त उपयुक्त साठ्याची, असा संकेत आहे. त्यामुळे उन्हाळ्यात उजनी शून्यावर थांबत नाही. उणे दहा, उणे तीस, उणे पन्नास अशी खाली जात राहते. ज्या पाण्याला हात लावायचा नाही असे आराखड्यात लिहिले, तेच पाणी अर्धा उन्हाळा भागवते. साठ्याला मृत ठरवणारे तज्ज्ञ वेगळे आणि त्यातून आवर्तन काढणारे वेगळे असल्याने कोणालाच खोटे पाडावे लागत नाही.

ऑक्टोबरी तज्ज्ञ

हा हंगामी प्रकार गोदावरी खोऱ्यात आढळतो. १९ सप्टेंबर २०१४ च्या प्राधिकरणाच्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत खरिपातला वापर धरून उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. आदेश मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावर बेतलेला. तेव्हापासून पाऊस कमी झालेल्या वर्षी खोऱ्यात दोन जलशास्त्रे एकाच वेळी प्रचलित असतात. नाशिक-नगरच्या तज्ज्ञाच्या मते सोडलेले पाणी वाटेतच जिरते, कोल्हापुरी बंधाऱ्यांत अडते आणि पैठणला पोचते ते नावापुरते. मराठवाड्याच्या तज्ज्ञाच्या मते नदी एकदा ओली झाली की पाणी व्यवस्थित येते आणि अडवले जाते ते मोटारींनी. नदी तीच, उतार तोच, माती तीच. वहनव्यय किती, हे मात्र तज्ज्ञाचा जिल्हा पाहून ठरते.

भूजलतज्ज्ञ

राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा. वर मुरूम, मध्ये सच्छिद्र मांजऱ्या, खाली काळा पाषाण. पाणी असते ते भेगांत आणि सांध्यांत. ते शोधण्यासाठी १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सरकारने भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी केली. तिच्या आधीपासून पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरातून फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे खुणेचा दगड ठेवतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय वारुळे आणि झाडे पाहून पाणी ओळखण्यावर आहे, त्यामुळे पाणाड्याला परंपरेचे पाठबळ आहे. भूवैज्ञानिकाला फक्त नकाशाचे. शेतकरी दोघांनाही विचारतो आणि बोअर तिसऱ्याच जागी, जिथे गाडी वळू शकते तिथे घेतो.

गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. तिचा चालक मराठी वाचत नाही, अधिनियम तर नाहीच. राज्याच्या भूजल कायद्यानुसार ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर निर्बंध आहे. मराठवाड्यात पाचशे फुटांवर धूळ निघाली की सातशेचा भाव विचारला जातो. खोलीची नोंद ठेवणारा या व्यवहारात एकच असतो, तो गाडीवरचा मुनीम. कारण त्याला बिल फुटावर करायचे असते.

पॅटर्नतज्ज्ञ

नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा नियम साधे होते: पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी मिळेल, भूमिहीनालाही हिस्सा मिळेल, आणि ऊस घ्यायचा नाही. हिवरे बाजारात पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, त्यावरून पिके ठरवतात आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत. ओझरला वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांनी पाणी मोजून घ्यायला आणि मोजून द्यायला सुरुवात केली. तिन्ही ठिकाणी खोदकाम थोडे आणि नियम जास्त.

पॅटर्नतज्ज्ञ अशा गावी येतो, दोन दिवस राहतो आणि खोदकाम घेऊन परततो. नियम नेणे अवजड जाते. चर आणि नाला खोलीकरण जेसीबीत बसते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवारावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नसल्याचे नोंदवले. यावर दोन मते पडली: एक, लेखापरीक्षकाला पाण्यातले काय कळते, दोन, योजनेचा दुसरा टप्पा काढावा. दुसरे मत मान्य झाले. मध्यंतरी मनुष्यबळाचीही तयारी झाली होती. जलसाक्षरतेसाठी राज्यात जलनायक, जलयोद्धे, जलदूत आणि जलसेवक अशी उतरंड रचली गेली. पाण्याच्या कामात पदवीची टंचाई कधीच जाणवलेली नाही.

पीकतज्ज्ञ आणि सल्लागार

केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने दाखवून दिले आहे, की महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी पितो. हे वाक्य प्रत्येक परिसंवादात म्हटले जाते आणि म्हणून झाल्यावर कारखान्याच्या अतिथिगृहात भोजन होते. २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय झाला. सक्तीने ठिबकच्या नळ्या विकल्या गेल्या, अनुदानाचे अर्ज भरले गेले, आणि वाचलेल्या पाण्यावर उसाचेच क्षेत्र वाढू नये यासाठी काय करावे, हा विषय पुढच्या परिसंवादासाठी राखून ठेवण्यात आला.

सल्लागार हा सर्वांत नवा प्रकार. तो ड्रोन उडवतो, डीपीआर लिहितो, डॅशबोर्ड उभारतो. नळयोजनेत टाकी, जलवाहिनी, नळ सारे पूर्ण होते आणि मग उद्भव कोरडा निघतो. पण उद्भव हा सल्लागाराच्या कार्यकक्षेबाहेर असतो. दुर्घटनेनंतरचे निदानही याच शाखेकडे येते, मात्र कधी कधी ते वरूनच होते. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. खेकड्याला ना निविदा भरता येते ना दोषदायित्व कालावधी लागू होतो, त्यामुळे त्याच्यावर पुढील कारवाई झाली नाही.

पाटकरी

शेवटचा प्रकार तज्ज्ञांत मोजला जात नाही. खानदेशातल्या फड पद्धतीत पाणी फिरवणारा पाटकरी गावाने नेमलेला असे आणि त्याचा शब्द पाण्यापुरता अंतिम असे. सरकारी कालव्यावरचा पाटकरी खात्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर असतो. शेजपाळीत टेलपासून हेडकडे पाणी द्यायचे, हे त्याला पाठ असते. नमुना नंबर ७ चे अर्ज कोणी भरले, कोणी न भरता भिजवले, कोणत्या पुलाखाली डोंगळे टाकलेत, कोणत्या मोरीत रात्री गोणपाट कोंबले जाते, हेही त्यालाच ठाऊक. रात्री दोनला तो बॅटरी घेऊन वितरिकेवर निघतो. दार चार इंच उघडे ठेवून गेला होता ते फूटभर वर असते, कुलपाच्या जागी तार असते, आणि काठावर बसलेले दोघे त्याला तंबाखू देतात. तो ती घेतो. एकटा माणूस त्या वेळी आणखी काही करू शकत नाही. असे कर्मचारी निवृत्त होत गेले तशा जागा रिकाम्या राहिल्या. चारीवरच्या अनुभवाला समकक्ष अर्हता नसल्याने भरतीत अडचण येते.

किती पाणी सोडायचे, केव्हा सोडायचे, हे कालवा सल्लागार समितीत ठरते. अध्यक्षस्थानी मंत्री असतात, आमदार मागण्या मांडतात, अधीक्षक अभियंता साठ्याचे आकडे वाचतो. सगळ्यांची मागणी बेरजेला आली की ती साठ्यापेक्षा जास्त निघते. मग टेल सोडून सर्वांचे समाधान होते, कारण टेलचा प्रतिनिधी बहुधा मागच्या रांगेत बसलेला असतो.

कालव्यातून शेतापर्यंत येताना पाणी गळते, म्हणून आराखड्यातच वहनव्यय धरलेला असतो. ज्ञानाचाही तसाच होतो: मुख्य कालव्यावर आयोग, वितरिकेवर सल्लागार, लघुवितरिकेवर पॅटर्न, आणि चारीवर पोचते ते शून्याच्या आसपास. हा व्यय कमी करण्याचे साधन अवघड नाही. २००५ च्या पाणीवापर संस्थांच्या कायद्याने पाणी घनमापाने मोजून देणे बंधनकारक केले आहे. त्यासाठी वितरिकेच्या तोंडाशी प्रवाहमापी आणि त्यावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी लागते. अनेक ठिकाणी प्रवाहमापी गाळाने भरलेला आहे आणि पट्टी कोणीतरी उखडून नेली आहे. ती पुन्हा बसवायला फार खर्च येत नाही. पण बसवली, तर टेलला किती आले याबरोबर वर किती गेले हेही त्याच आकड्यावरून निघते, आणि त्या माहितीची मागणी आजवर कोणत्याही कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत जोरात झालेली नाही.