'रॉजर' म्हणावे आणि स्वस्थ बसावे

हो म्हटल्यासारखे दिसावे पण काम अंगावर पडू नये, अशी ज्यांची इच्छा असते त्यांच्यासाठी इंग्रजी फौजी भाषेत एक सोयीचा शब्द आहे : रॉजर. साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा", की पाठ ताठ करावी आणि खणखणीत आवाजात म्हणावे, "रॉजर दॅट, सर!" साहेबांना वाटते, गडी कामाला लागला. आपण मात्र 'ऐकू आले' एवढेच कळवलेले असते.

यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. तारायंत्राच्या काळात संदेश पोचला की 'रिसीव्ह्ड'मधला 'आर' उलट पाठवत. पुढे रेडिओच्या खरखरीत अक्षरे नीट कळेनात, म्हणून प्रत्येक अक्षराला नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश फौजांच्या यादीत 'आर'चे नाव रॉजर होते. १९५६ मध्ये नवी यादी लागू झाली आणि 'आर'चा रोमिओ झाला, पण पोच द्यायला रॉजरच राहिला. बरेच झाले. "रोमिओ दॅट, मॅडम" म्हणणाऱ्याची चौकशी लागली असती.

रॉजर म्हणजे होय नव्हे. त्याला 'अफर्मेटिव्ह' आहे. सांगितलेले करतो असे कळवायला 'विल्को', म्हणजे 'विल कम्प्लाय'. हा शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नये, काम गळ्यात पडलेच म्हणून समजा. सिनेमातले वीर 'रॉजर, विल्को' असे जोडीने म्हणतात. न ऐकता कोण आज्ञा पाळणार? नुसते पिवळे पीतांबर!

त्याच सिनेमांतून शिकलेले लोक बोलणे संपवताना 'ओव्हर अँड आउट' म्हणतात. 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे विषय संपला, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणणे म्हणजे पाहुण्यांना "बसा ना" म्हणत त्यांच्या चपला सरळ करून ठेवणे. धोरणी माणसाने काम टाळायचे असेल तेव्हा 'आउट' म्हणावे, पगारवाढीचे बोलणे असेल तेव्हा 'ओव्हर'.

खरी जोखीम ऐकू न आल्यावर. तेव्हा 'रिपीट' म्हणू नये. तोफखान्यात 'रिपीट' म्हणजे मघासारखाच मारा पुन्हा करा. म्हणून रेडिओवरचा सैनिक 'से अगेन' म्हणतो. मीटिंगमध्ये साहेब कडाडत असताना आपल्याला डुलकी लागली आणि दचकून "रिपीट, सर" निघून गेले, तर तोफखान्याचा अर्थच बरोबर असल्याचे ताबडतोब पटते.

एक सूचना राहिली. साहेब फौजेतून निवृत्त होऊन आलेले असतील तर यातले काहीही करू नका. दोन शब्दांतला फरक त्यांना पाठ असतो, आणि 'विल्को' ऐकल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत.