इथंही फवारणी चालते

बँकॉक

ती. आई-बाबा,


आई, दर फोनवर तुझा एकच घोर, ‘तिकडं खाता तरी काय, बाप्पा?’ म्हणून या खेपेला सविस्तर लिहिते. फक्त जेवण उरकल्यावर वाच.

रविवारी संध्याकाळी खाओ सान रस्त्यावर गेलो होतो. नवरात्रात आपल्या दत्त चौकातल्या गर्दीतून जाताना तुझं बोट सोडायचं नाही, ही लहानपणची शिस्त तिथं कामी आली. हातगाड्यांवर ढीगच्या ढीग: तळलेले नाकतोडे, रातकिडे, रेशमाच्या कोशातले किडे, बोटाएवढाले पाणकिडे. शिवाय काडीला टोचलेले काळेकुट्ट विंचू. त्यांच्या शेजारी पाटी, फोटो काढायचे १० बाट. म्हणजे खायची हिंमत नसेल तरी सुटका नाही! तसे हे विंचू गोऱ्या पाहुण्यांसाठीच. इथला माणूस गुपचूप रातकिड्यांची पुडी बांधून घेतो नि चालू लागतो.

सावजी मटणाची तर्री वाटीनं पिणारे तुमचे जावई गाडीपासून चार हात लांब उभे. तिथून आम्हाला व्याख्यान चालू: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ सालीच सांगितलंय, जगातल्या दोनशे कोटी लोकांच्या आहारात किडे असतात, प्रथिनं भरपूर असतात. ‘मग घ्या की एक,’ म्हटलं, तर म्हणाले, ‘आज रविवार आहे.’ रविवारी किडे वर्ज्य असतात हे मला नवीनच. तोवर तुमच्या नातवानं दोन रातकिडे फस्त करून तिसऱ्याचे पाय मोडायला घेतले होते.

बाबा, तुम्हाला सांगायची गोष्ट वेगळीच. एका ताटात बांबूतल्या अळ्या होत्या. पांढरट, करंगळीपेक्षा बारीक. २०१७ साली आपल्याकडची कापसाची बोंडं जिनं पोखरली, त्या बोंडअळीची चुलत बहीणच म्हणा. हीसुद्धा पतंगाचीच अळी. गाडीवरच्या बाईनं माझ्यासाठी पुडीभर काढल्या आणि फवाऱ्याची बाटली उचलली. माझ्या पोटात धस्स झालं! पण तिनं फवारला सोया सॉस. वर पांढऱ्या मिऱ्याची पूड भुरभुरवली आणि पुडी हातात दिली. आयुष्यभर पाठीला पंप लावून तुम्ही ज्या जातीशी भांडलात, तिचे मी ४० बाट मोजले. तुमच्यातर्फे सूड म्हणून पहिली अळी डोळे मिटून खाल्ली. दुसरी उघड्या डोळ्यांनी. खारट, कुरकुरीत, चव थोडी मक्याच्या लाह्यांकडे झुकणारी. पुढच्या मी मोजल्या नाहीत.

आमच्या इमारतीत झाडलोट करणारी बाई ईसानची, म्हणजे इथल्या ईशान्य भागातली. तिच्या गावाकडे घरामागं सिमेंटच्या हौदात रातकिडे पाळतात. खोन केन विद्यापीठानं १९९८ च्या सुमारास हे तंत्र शिकवलं, आता देशात असे हजारो पाळणारे आहेत. अंड्यांचे ट्रे रचायचे, कोंबड्यांचं खाद्य घालायचं, दीडेक महिन्यात माल तयार. पावसाची वाट पाहणं नाही, कापसासारखं भावाकडे डोळे लावून बसणं... ते मात्र असेलच.

म्हणूनच एक विनंती. हे पत्र वाचून झालं की कपाटात कुलूपबंद ठेवा, दादाच्या हाती लागू देऊ नका. त्यानं इमू पाळले तेव्हाही सुरुवात अशाच एका पत्रानं झाली होती, आणि इमूंची ती जाळी अजून मागच्या अंगणात रिकामीच आहे.

तुमची लाडकी,
ताई