बिनकेमिकलचे नाना

मंडईत भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी पुढे केली की माणसं भाव विचारतात. नाना वास घेतात. डोळे मिटून, दोन्ही नाकपुड्या फुलवून, सावकाश. मग डोळे उघडून विचारतात, "केमिकल मारलंय?" भाजीवाली कसलेली बाई. ती म्हणते, "न्हाई वो नाना, घरची हाय." घरची म्हणजे कुणाच्या, हे नाना विचारत नाहीत. जुडी पिशवीत पडते.

आता खरं सांगायचं तर नाना ज्या वासावर एवढे विसंबतात तो वासच मुळी अल्डिहाइड नावाच्या संयुगांचा, आणि त्याच घराण्यातली काही संयुगं ढेकणाच्या वासातही असतात. ही माहिती मी नानांना दिलेली नाही. कोथिंबीर त्यांना फार आवडते.

नाना बँकेतून निवृत्त झाले. सही तंतोतंत जुळली नाही की चेक परत, ही त्यांची नोकरीभरची शिस्त. आता परत करायला चेक उरले नाहीत, म्हणून ते बिस्किटाचे पुडे परत करतात. चष्मा कपाळावर सरकवून, पुडा नाकाच्या शेंड्याला टेकवून मागची बारीक अक्षरं वाचत दुकानात उभे राहतात. मागे रांग वाढत जाते. दुकानदार पूर्वी चिडायचा. आता नाना पायरी चढले की पोऱ्याला सांगतो, "नानांना स्टूल दे रे."

त्यांचा सिद्धांत एका ओळीचा आहे: जगात दोनच प्रकारच्या वस्तू, नैसर्गिक आणि केमिकल. त्यांची आजी नव्वदीपार गेली ती केमिकल खाल्लं नाही म्हणून. आजोबा पन्नाशीतच गेले, ते नशीब. आंघोळीला रिठा आणि शिकेकाई. शाम्पूचा फेस म्हणजे केमिकल, रिठ्याचा फेस म्हणजे परंपरा. दोन्हीकडे फेस काढणाऱ्याचं काम एकच, एका टोकाने पाण्याला धरायचं आणि दुसऱ्या टोकाने तेलकट मळाला. रिठ्यात हे काम करणाऱ्याला सॅपोनिन म्हणतात. पण नानांपुढे तसं नाव घ्यायची सोय नाही. इंग्रजी नाव असलेली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी कारखान्यातच जन्माला येते.

या तपासण्यांची एक वही आहे. पाकिटावर 'आयएनएस' असं छापून पुढे आकडे असतात, अन्नात घातलेल्या रंगांचे, आम्लांचे, टिकवणाऱ्या पदार्थांचे क्रमांक. नवा आकडा दिसला की तो वहीत चढतो, आणि वहीत चढला की घरातून हद्दपार होतो. एका दुपारी नानांनी ही वही मोठ्या विश्वासाने माझ्या हातात ठेवली. पहिल्याच पानावर लाल शाईत 100, 270, 330, 334, आणि शेजारी दोनदा अधोरेखित, 'विषारी'.

100 म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळेपणा. 270 म्हणजे लॅक्टिक आम्ल, दह्याचा आंबटपणा. 330 सायट्रिक आम्ल, लिंबातलं. 334 टार्टरिक आम्ल, चिंचेतलं. नानांनी एका पानात आपलं अख्खं स्वयंपाकघर तडीपार केलं होतं.

मी चाचरत म्हटलं, "नाना, हे 330 म्हणजे लिंबातलंच आम्ल."

"लिंबातलं वेगळं," नाना म्हणाले.

"वेगळं कसं?"

"ते लिंबात असतं."

यावर काय बोलणार? तरी मी प्रामाणिकपणे सांगितलं, की पाकिटातलं हे आम्ल आजकाल लिंबू पिळून काढत नाहीत. एका काळ्या बुरशीला साखरेचं पाणी पाजतात आणि ती ते बनवून देते. नानांचा चेहरा उजळला. "बुरशी! म्हणजे बघा!" बुरशी निसर्गातच उगवते हे माझ्या तोंडातून निघेपर्यंत ते ही बातमी द्यायला खालच्या मजल्यावर पोचले होते.

नाना एकटे नाहीत, आणि त्यांचं म्हणणं नवंही नाही. सजीवांच्या शरीरात बनणाऱ्या पदार्थांत काही खास प्राणशक्ती असते, ते बाटलीत बनायचे नाहीत, असं एके काळी चांगले चांगले शास्त्रज्ञही मानायचे. मग 1828 साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मूत्रपिंडाची मदत न घेता प्रयोगशाळेत युरिया तयार केला. समजूत लगेच गेली नाही, हळूहळू गेली. आमच्या इमारतीतून जायची आहे.

त्यातून युरियावर तर नानांचा खास दात आहे. शेतकऱ्याने युरिया टाकला की जमीन मेली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गच्चीवरच्या कुंड्यांना ते पाण्यात गोमूत्र मिसळून घालतात आणि झाडं तरारतात. का तरारू नयेत? गोमूत्रातलं बरंचसं नत्र युरियाच्याच रूपात असतं. खुद्द नाना दिवसाकाठी 20 ते 30 ग्रॅम युरिया तयार करतात, कुठलाही परवाना न घेता.

हळद हा मात्र त्यांच्या अभिमानाचा विषय. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं, आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे ठेवून ते 1997 साली रद्द करून घेतलं, ही कथा नाना स्वतः वकीलपत्र घेतल्याच्या आवेशात सांगतात. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. "आपले माशेलकर! आधी इथेच होते, पाषाणला, त्या राष्ट्रीय... मोठ्या लॅबमध्ये." त्या लॅबचं नाव राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. मधला शब्द नाना दर वेळी गिळतात.

याच हळदीने एकदा त्यांचा घात केला. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं. काकूंनी डागावर साबण चोळला तसा पिवळा डाग भडक लाल झाला. नाना ओला सदरा घेऊन माझ्या दारात. "बघा! साबणात काय काय घालतात बघा! कापड जाळलं!" साबणाने काही जाळलं नव्हतं. हळदीला क्षार भेटला की ती लाल होते, हळदीचं कुंकू होतं ते याच गुणावर. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू मागून आल्या, सदरा काढून घेतला, डागावर अर्धं लिंबू पिळलं. डाग पुन्हा पिवळा. मग सदरा धुऊन रणरणत्या उन्हात टाकला, आणि संध्याकाळपर्यंत डाग शोधावा लागत होता, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. क्षार, आम्ल, प्रकाश, तिन्ही प्रयोग काकूंनी एक अक्षर न बोलता केले. नाना त्या वेळात साबणाचं वेष्टन वाचत होते.

एवढ्यावरून नाना हेकट आहेत असं कुणी म्हणेल. आहेतच. पण त्यांचं बोलणं कानाआड करून नुसते हात पाहावेत. रविवारी अळूच्या वड्या असल्या की पानं निवडायचं काम नानांचं. पान उलटं पाटावर ठेवतात, देठ कापतात, जाड शिरा सुरीच्या पात्याने तासून काढतात, मग लाटणं फिरवून पान लोळागोळा न होता सपाट करतात. त्याआधी कोपरापर्यंत हाताला गोडेतेल. बेसनात चिंच-गुळाचं पाणी काकू घालतात, पण चिंच पुरेशी पडली की नाही ते करंगळीच्या टोकाने चाटून नानाच ठरवतात. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया भरलेल्या असतात आणि त्याच घशात रुततात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पण नानांच्या घरची अळूवडी खाऊन कुणाचा घसा खवखवल्याचं मी ऐकलेलं नाही.

आंब्याचंही तेच. एप्रिलच्या शेवटी कोकणातून कच्च्या हापूसच्या पेट्या येतात आणि नानांच्या पलंगाखाली आढी लागते. गवताचा थर, आंब्यांचा थर, परत गवत. देठाशी साकळलेला चीक पुसून मगच आंबा आत जातो, कारण तो ओठाला लागला की ओठ उततो. काजू आणि बिब्बा हे आंब्याचे सख्खे भाऊबंद, चिकाचा जहालपणा घराण्यातच आहे. पाहुणे यायचे असले की नाना आढीत एक पिकलेला आंबा खुपसतात. "त्याच्या संगतीने बाकीचे पिकतात." संगत म्हणजे इथिलीन वायू. पिकणारं फळ तो सोडतं आणि शेजारच्यांना कामाला लावतं. सरकारने फळं पिकवायला हाच वायू माफक प्रमाणात वापरायला परवानगी दिली आहे. एका फळवाल्याच्या दुकानावर 'आमचे आंबे इथिलीन चेंबरमध्ये पिकवलेले' अशी पाटी नानांनी वाचली आणि आल्या पावली मागे फिरले. घरी येऊन पलंगावर आडवे झाले. खाली आढीतून इथिलीन सुटतच होता.

बाजारच्या आंब्यावरचा त्यांचा राग मात्र उगाच नाही, हे सांगायलाच हवं. कॅल्शियम कार्बाइडची पुडी पेटीत ठेवून आंबा पिवळा करण्यावर बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतो, आणि बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. बाहेरून झगझगीत आणि आतून आंबट असा आंबा नाना दुरून ओळखतात. फळवालाही त्यांच्यापुढे ती पेटी उघडत नाही. संशय घेण्याचं काम माणसाने मनापासून केलं तर कधीतरी खरा चोर सापडतोच.

गेल्या उन्हाळ्यात दुधीचं प्रकरण झालं. नाना ज्या बागेत फिरायला जातात तिथला कंपू सकाळी दुधीचा रस पितो. नाना पुढे गेले, त्यांनी गच्चीवर स्वतःचा वेल लावला. बी घरचं, खत शेणाचं, पाणी टाकीचं, फवारणी शून्य. मे महिन्यात ते लेकीकडे गेले आणि पाणी घालायचं वॉचमन विसरला. परतले तेव्हा वेल मान टाकून पडलेला, पण एक दुधी टिकला होता. त्याच्या रसाच्या मानाला मला बोलावणं आलं. स्टीलचे दोन पेले. हिरवट, फेसाळ. नानांनी पहिला घोट घेतला.

एरवी कडू म्हटलं की नाना हात पुढे करतात. पाडव्याला कडुनिंबाचा पाला आम्ही चिमूटभर खातो, नाना मूठभर. कारल्याची भाजी मीठ लावून पिळलेली त्यांना चालत नाही, "गुण गेला." त्यामुळे मला वाटलं, आता दुधीच्या कडूपणावर प्रवचन होणार. पण घोट घशाशी पोचायच्या आत नानांच्या जिभेने आपलं मत दिलं. ते धावत मोरीकडे गेले, थुंकले, खळखळून चुळा भरल्या, आणि तोंड पुसायच्या आधी हात आडवा करून ओरडले, "तुम्ही पिऊ नका!"

त्या एका ओरडण्यासाठी मी नानांच्या सगळ्या वह्या माफ करायला तयार आहे. कारलं कडू असायचंच. कडू दुधी ही निराळी गोष्ट आहे. त्यात कुकुर्बिटॅसिन नावाची द्रव्यं असतात. कीड-जनावरांनी खाऊ नये म्हणून वेल ती स्वतःच बनवतो, आणि ऊन-पाण्याचा ताण पडला की ती वाढू शकतात. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होणं, रक्तदाब कोसळणं आणि माणूस दगावणं, हे सगळं आपल्या देशात घडलेलं आहे. त्यावर उतारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या प्रकरणांसाठी एक समिती नेमली होती. तिचं सांगणं साधं आहे: रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर फेका, प्यायल्यावर अस्वस्थ वाटलं तर थेट दवाखाना गाठा.

काकूंनी दोन्ही पेले मोरीत ओतले आणि उरलेला दुधी कचऱ्यात टाकला. नाना खुर्चीत बसून विचार करत होते. दुधी घरचा, बी घरचं, खत घरचं. तरी त्यात विष आलं कुठून? बराच वेळ गेला. मग त्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

"परवा तुमच्याकडे झुरळांचं औषध मारायला माणूस आला होता ना?"

"आला होता. पण तो आमच्या ओट्याखाली, दुसऱ्या मजल्यावर. तुमचा वेल गच्चीवर."

"वारा वरच जातो," नाना म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारला. नाना उठले, कपाटातून वही काढली, लाल पेन शोधलं. 334 च्या खाली त्या दिवशी एक नवा आकडा चढला, 203. तो माझा फ्लॅट नंबर आहे.