गाडी ट्रायलला गेली आहे

आपल्या गाडीला आपल्यावाचूनही आयुष्य असतं, ही खबर पूर्वी मालकाला कधी लागत नसे. फास्टॅग आला आणि घराघरांत संशय शिरला. 15 फेब्रुवारी 2021च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला. रांगा कमी व्हाव्यात म्हणून, असं सरकार म्हणतं. रांगांचं काय झालं ते सुट्टीच्या दिवशी खेड शिवापूरला उभं राहून ज्याचं त्याने ठरवावं. पण सर्व्हिसिंगला दिलेली आपली गाडी या क्षणी कुठे हुंदडते आहे, हे मालकाला बसल्या जागी कळू लागलं, हे या योजनेचं खरं यश. सरकार त्याची जाहिरात का करत नाही, कोण जाणे. एरवी कशाचीही करतं.

आमची गाडी शनिवारी वर्कशॉपला गेली. तक्रार किरकोळ होती. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून किर्र आवाज येई. रविवारी वर्कशॉप बंद, सोमवारी संध्याकाळी या, असं सांगण्यात आलं. रविवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळत असताना मोबाइल वाजला. खेड शिवापूरला टोल कापला गेला होता. तासाभराने आनेवाडीला कापला गेला.

‘‘बँकेचा काहीतरी घोळ असेल,’’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘‘वर्कशॉप बंद आहे तर गाडी साताऱ्याला जाईल कशी?’’

संध्याकाळी आधी आनेवाडी आणि मग खेड शिवापूर, असे उलट्या क्रमाने दोन मेसेज आले, तेव्हा त्या गप्प झाल्या. बँकेचा घोळ इतका शिस्तीचा नसतो.

महिना सप्टेंबरचा. कास पठारावर फुलं आलेली. आम्ही गेली काही वर्षं कासला जायचं ठरवतो आहोत. कधी ऑनलाइन बुकिंग मिळत नाही, कधी मेहुण्याचं ठरत नाही, कधी पाऊस फार असतो. 2012मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून तर तिथे सगळं जग जाऊन आलं आहे, आम्ही सोडून. आता आमची गाडीही जाऊन आली.

सोमवारी गाडी ताब्यात घेतली तेव्हा बाहेरून ती अशी चकाचक होती की शोरूममधूनही इतकी निघाली नसेल. आतलं चित्र निराळं होतं. ड्रायव्हरची सीट मागच्या शेवटच्या खाचेपर्यंत सरकवलेली, म्हणजे चालवणारा सहा फुटी तरी असावा. आरसा रस्ता सोडून मागची सीट दाखवत होता. मॅट वर केली तर खाली लाल मातीचा थर. पुढच्या सीटखाली कंदी पेढ्यांचा रिकामा खोका. ब्लूटूथच्या यादीत माझ्या फोनच्या वर ‘भावड्या किंग’ नावाचा फोन जोडलेला. शिवाय मागच्या सीटच्या फटीत एक केसांची पिन. या शेवटच्या वस्तूचा खुलासा वर्कशॉपला कुणी मागितला नाही, तो घरी मला द्यावा लागला.

गाडीने 270 किलोमीटर जास्त दाखवले होते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर इस्त्रीच्या शर्टातला, अत्यंत सुशील मुलगा होता.

‘‘सर, ट्रायल घेतली.’’

‘‘साताऱ्यापर्यंत?’’

‘‘सर, तुमचा ब्रेकचा आवाज होता ना, तो सिटीत येत नाही. घाटात येतो.’’

‘‘मग घाटात आला का?’’

‘‘नाही सर. गेला.’’

या उत्तरापुढे मी हात टेकले. विचार केला तर पोराचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होतं. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो आणि येताना बोगद्यातून यावं लागतं. म्हणजे चढावर इंजिन, उतारावर ब्रेक आणि बोगद्यात हेडलाइट, अशा तिन्ही तपासण्या एका फेरीत होतात. सीट किती मागे जाते, म्युझिक सिस्टिम किती मोठी वाजते आणि मागच्या सीटवर किती माणसं मावतात, या चाचण्या त्यांनी फुकट करून दिल्या, बिलात लावल्या नाहीत. बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक ओळ होती. पेढे त्यात धरले असतील.

एक मात्र खरं की ट्रायल घ्यावीच लागते. जॅकवर चढवलेल्या गाडीचा आवाज आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा आवाज यांत फरक असतो. पूर्वीचे उस्ताद लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ‘‘बेअरिंग गेलंय’’ एवढंच बोलत. मग मालकाला शेजारी बसवून चौकापर्यंत जाऊन येत. मालक शेजारी असे, हा मुद्दा महत्त्वाचा. आता मालकाला एसी लाउंजमध्ये बसवतात, मशीनची कॉफी पाजतात आणि मधे एक काच लावतात. काचेच्या पलीकडे गाडी दिसते. थोड्या वेळाने तीही दिसत नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये असला देखावा नसतो, तिथे सगळं उघड्यावर चालतं. तुमची स्कूटर दुरुस्त झाली की तुम्ही न्यायला येईपर्यंत ती सार्वजनिक मालमत्ता असते. तिच्यावरून चहा येतो, वडापाव येतो, मिस्त्रींचा मुलगा क्लासला जातो. स्पेअर पार्ट आणायला पोऱ्या तिच्यावरूनच नाना पेठेत जातो, आणि पार्ट असतो दुसऱ्याच्या गाडीचा. त्या दुसऱ्याच्या गाडीवरून कुणीतरी तुमचा पार्ट आणायला गेलेलं असतं. सहकार चळवळ महाराष्ट्रात अजून जिवंत कुठे असेल, तर ती इथे. या सहकारात पेट्रोल तेवढं खासगी, म्हणजे तुमचं.

त्या पोऱ्यावर मला फारसा राग धरता येत नाही. दिवसभर गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडायचं, तोंडावर ऑइल घ्यायचं आणि जी गाडी आपल्या पगारात या जन्मी येणार नाही, ती पुसून दुसऱ्याच्या हवाली करायची. मालक तरी त्या गाडीचं काय करतो? सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढत नाही, पार्किंगमध्ये तिच्यावर कव्हर घालतो आणि रविवारी तिला भाजी आणायला नेतो. गाडीला विचारलं तर तिने कुणाच्या बाजूने साक्ष दिली असती, याबद्दल मी पैज लावणार नाही. राग आहे तो त्या इस्त्रीच्या शर्टाच्या वर जे बसले आहेत त्यांच्यावर. किल्ली कुणाच्या हातात आहे याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम, आणि त्यांना नोंदींचं किती प्रेम आहे ते जॉब कार्डवर दिसतं.

हे जॉब कार्ड एकदा बसून वाचा. गाडीचं चित्र काढलेलं असतं आणि त्यावर प्रत्येक ओरखड्याला फुली. स्टेपनी आहे, जॅक आहे, मॅट चार, डॅशबोर्डवर गणपती एक. पेट्रोलच्या काट्याचंही चित्र असतं. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही, उशीर झाल्यास आमची नाही आणि ट्रायलच्या वेळी काही झालं तर तीही आमची नाही. सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे गाडी, ती सोडून जावी लागते. ट्रायल किती लांब, कोण घेणार, कुठपर्यंत, याला त्या कागदावर चौकट नाही. येतानाचं किलोमीटर रीडिंग लिहितात, परत देतानाचं लिहायची जागाच बहुधा नसते. जागा नाही म्हणून लिहीत नाहीत, की लिहायचं नाही म्हणून जागा नाही, हा प्रश्न मी अ‍ॅडव्हायझरला विचारला. तो म्हणाला, ‘‘सर, सिस्टिमच तशी आहे.’’

गंमत म्हणजे ज्यांनी मोटार पाहिलीही नव्हती त्यांना हे सगळं सुचलं होतं. भारतीय करार कायदा 1872चा. कार्ल बेंझने मोटारीचं पेटंट मागितलं 1886मध्ये, म्हणजे कायदा मोटारीपेक्षा वयाने मोठा. त्याच्या कलम 154 मध्ये लिहिलं आहे की सोपवलेली वस्तू ठरल्यापेक्षा वेगळ्या कामी वापरली आणि तिचं नुकसान झालं, तर भरपाई वापरणाऱ्याने द्यायची. सोबत उदाहरण आहे ते घोड्याचं. एकाने कलकत्त्यात बनारसला जाण्यासाठी म्हणून घोडा भाड्याने घेतला आणि गेला कटकला. घोडा त्याने नीट सांभाळून चालवला, तरी घोडा अपघाताने पडला आणि जखमी झाला. भरपाई त्याच्याच माथी. सांभाळून चालवला ही सबब चालत नाही, कारण मुळात कटकला जायला सांगितलं कुणी होतं? सर्व्हिस सेंटर आणि साताऱ्याची ही गोष्ट कायदेमंडळाने दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली, फक्त पेढ्यांचा खोका तेवढा राहिला.

आमचा घोडा पडला नाही, हे नशीब. पडला असता तर प्रकरण पेढ्यांवर थांबलं नसतं. गोव्यातला एक खटला 1988मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. दुरुस्तीला दिलेली मोटार गॅरेजवाल्याच्या ताब्यात असताना एका महिलेला लागली होती. न्यायालयाने सांगितलं की तिला भरपाई देण्याची जबाबदारी मालकाच्या विमा कंपनीला झटकता येणार नाही. जखमी माणसाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण गाडी दुसऱ्याने उडवायची आणि कागद आपल्या विम्याचे निघायचे, हेही त्यात आलंच. चलनाचंही तेच. वेग मोजणारा कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि दंडाचा मेसेज येतो मालकाला. गाडी कोण चालवत होतं ते पोलिसांनी विचारलं तर सांगणं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे मालकाचंच कर्तव्य. मी काय सांगणार? ‘भावड्या किंग’?

नव्या गाड्यांना तर मोबाइलचं अ‍ॅप असतं. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात दाबला, सगळं त्यात दिसतं. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकारी काकांनी सर्व्हिसिंगच्या दिवशी ते अ‍ॅप उघडून दुपारभर नकाशावर आपला ठिपका पाहिला. ठिपका हायवेच्या ढाब्यावर पाऊण तास थांबला, तेव्हा त्यांनी वर्कशॉपला फोन लावला. ‘‘गाडी रॅम्पवर आहे, सर,’’ पलीकडून उत्तर आलं. काका शांतपणे म्हणाले, ‘‘बरं, मग रॅम्पवर मिसळ चांगली मिळते का तेवढं सांगा.’’ फोन कट झाला. गाडी त्या दिवशी सांगितलेल्या वेळेच्या आधी मिळाली, बिलात दहा टक्के सूटही मिळाली.

मला सूट मिळाली नाही. मला दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज गोड. आधी अ‍ॅडव्हायझरने बजावून ठेवलं होतं, ‘‘सर, कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचा पगार कापतात.’’ बाईंनी विचारलं, गाडीच्या स्वच्छतेबद्दल समाधानी आहात का? कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल? वेळेबद्दल? सगळ्यांना मी दहा दिले. मग म्हणालो, ‘‘ट्रायलबद्दल विचारा ना.’’ ‘‘सर, तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही,’’ त्या म्हणाल्या आणि शुभेच्छा देऊन मोकळ्या झाल्या.

तेव्हा वाचकहो, किल्ली हातात देण्याआधी मीटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा. ‘ट्रायल पाच किलोमीटरच्या आत, टोलनाका न ओलांडता’ हे जॉब कार्डवर आपल्या हाताने लिहा आणि त्याखाली अ‍ॅडव्हायझरची सही घ्या. तो हसेल, हसू द्या. गाडी परत घेताना नवं रीडिंग बिलावर लिहून घेतल्याशिवाय समाधानाच्या कागदावर सही करू नका. एवढं करूनही गाडी परस्पर साताऱ्याला जाऊन आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. तोवर फास्टॅगचे मेसेज पुसू नका.