सव्वातीन बोया

फरीदाबादेत राहून वॉटर स्कीइंगवर मत बाळगण्यात एक मोठी सोय आहे. पाण्यात उतरून दाखवा, असे कोणी म्हणू शकत नाही. पाणीच नाही. शिवाय आमच्या सेक्टरात या विषयातला दुसरा जाणकार नसल्याने माझे मत खोडलेही जात नाही. पुण्यात हे सुख लाभले नसते; तिथे एव्हाना दोन गट पडून एकाने व्याख्यानमाला सुरू केली असती.

हा विषय घरात आणला भाच्याने. तो फ्लोरिडात असतो, घराजवळ तळे आहे, आणि शनिवारी सकाळी एकाच फळीवर दोन्ही पाय मागेपुढे अडकवून तो बोटीमागे धावतो. त्याची सकाळ म्हणजे आमचा संध्याकाळचा चहा. ‘मामा, आज साडेचार!’ असा फोन येतो. त्यावर आमच्या हिचे ठरलेले उत्तर असते : ‘त्याला म्हणावं, इथे साडेसहा वाजून गेले.’

साडेचार म्हणजे साडेचार बोया. भाच्याच्या या प्रकाराचे नाव स्लॅलम; त्याचा मार्ग 259 मीटरचा. बोट मधोमध सरळ जाते, आणि डावीउजवीकडे आलटून पालटून सहा बोया तरंगत असतात, मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवर. प्रवेशाच्या दोन बोयांमधून आत शिरायचे, सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि शेवटच्या दारातून सुखरूप बाहेर पडायचे. पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा वेग ताशी 58 किलोमीटरपर्यंत जातो. त्या वेगाला हा सगळा प्रपंच सोळा सेकंदांत आटोपतो. आमच्याकडे बडखल मोडच्या सिग्नलवर याहून जास्त वेळ नुसता हॉर्न वाजवण्यात जातो.

पण खरी गंमत पुढे आहे. सहाही वळसे जमले की शाबासकी म्हणून बोटीचा वेग तीन किलोमीटरने वाढवतात. तोही जमला की आणखी तीन. वेगाची हद्द संपली की बोटीला बांधलेली दोरी आखडायला घेतात. फरीदाबादच्या कारखान्यात उमर गेलेल्या माणसाला यात नवे काही वाटत नाही. ज्याने टार्गेट गाठले त्याचेच टार्गेट वाढते, हे इथला हेल्परसुद्धा जाणतो. दोरीच्या प्रत्येक लांबीला रंग दिलेला असतो : सव्वाअठरा मीटरला तांबडा, सोळाला नारिंगी, सव्वाचौदाला पिवळा, तेराला हिरवा, बाराला निळा, सव्वाअकराला जांभळा. शाळेत घोकलेले तानापिहिनिपाजा, फक्त पारवा गाळलेला. इंद्रधनुष्य संपल्यावरही दोरी आखडतच राहते. पुढे ती सव्वादहा मीटरवर येते, आणि तिथे माझ्यातला हिशेबनीस अडखळला. बोया साडेअकरावर, दोरी सव्वादहाची. म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही! उरलेले अंतर माणसाने आपल्या अंगाने भरून काढायचे. हात लांबवून, पाण्यावर जवळजवळ आडवे होऊन. आणि असे करणारी माणसे आहेत. ब्रिटनचा अँडी मॅपल हा त्यांतला फार मोठा खेळाडू. तो 2015 मध्ये गेला.

या खेळात जिंकणारासुद्धा चुकूनच थांबतो. जमते तोवर दोरी आखडत राहायची, आणि जिथे बोया हुकेल किंवा माणूस पाण्यात आपटेल तिथे त्याचा खेळ संपला. गुण मोजायचे ते तिथवरचे. विजेता म्हणजे सर्वांत उशिरा पडलेला. गुणांतही कंजुषी नाही : वळसा घालून माणूस कुठवर परत आला त्यावर पाव, अर्धा की पूर्ण हे ठरते. सव्वातीन चालतात, साडेतीन चालतात. पावणेचारला मात्र जागा ठेवलेली नाही, आणि हे मला अजून पटलेले नाही.

आता सुधारणा कशी करायची. भाचा मला व्हिडिओ पाठवतो, मी ते चष्मा बदलून बदलून पाहतो. बोटीमागे दोन लाटा उठतात, त्या कापून पलीकडे जाताना स्कीवाला बोटीपेक्षाही जास्त वेगात असतो. नवशिक्याला वाटते की हाताने दोरी ओढली की काम झाले. ओढू नये. हात सरळ ठेवावेत, दोरीच्या टोकाची दांडी कमरेजवळ धरावी आणि अंगाचा भार दोरीच्या उलट बाजूला टाकून फळीची धार पाण्यात रुतवावी. लाटा ओलांडल्या की धार बदलायची, एक हात सोडायचा, दांडीचा हात बोटीकडे लांब जाऊ द्यायचा आणि फळी बोयाभोवती आपण होऊन फिरेपर्यंत थांबायचे. सगळे घोडे अडते ते या थांबण्यावर. वळण अजून पुरे झालेले नसते, बोया बाजूला दिसत असतो, आणि माणूस घाईने दुसरा हात दांडीला घालून अंग वळवतो. दोरी क्षणभर ढिली पडते. मग बोट ती हिसक्याने ताणते, नाक पुढे जाते, पाय मागे राहतात, आणि भाचा अंतर्धान पावतो.

बरे, चौथ्या बोयाला पडलेल्या माणसाची चूक चौथ्या बोयाला क्वचितच असते. तो प्रवेशाच्या दारातच जरा उशिरा शिरलेला असतो. तो उशीर पहिल्या बोयाला दिसत नाही, दुसऱ्याला थोडा जाणवतो, तिसऱ्याला व्याजासकट मागायला येतो. म्हणून जाणते लोक बोयांचा नाही, दाराचाच सराव करतात. वेग उतरवून, लांब दोरीवर, कंटाळा येईपर्यंत. भाच्याला हे पटते, पण शनिवारी मित्र काठावर बघायला आले की पटत नाही. गेले वर्षभर तो पिवळ्या दोरीचा गृहस्थ आहे. हिरवीवर त्याचे सव्वातीन झाले त्या दिवशी त्याने आधी मला फोन केला आणि मग बायकोला सांगितले, असे कळले. बायकोकडूनच कळले.

या खेळाची सुरुवात मिनेसोटातल्या लेक पेपिनवर, 1922 साली. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने लाकडी फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली आणि बोट चालवायला भावाला बसवले. बरेच आपटल्यावर त्याला उमगले की मागे रेलायचे आणि टोके पाण्याच्या वर ठेवायची. फळ्या, दोर, भाऊ हे सगळे फरीदाबादेत मिळेल. लेक पेपिनचे काय करायचे?

आमच्याकडे बडखल तलाव होता. 1947 मध्ये अरवलीच्या दोन टेकड्यांमध्ये बांध घालून केलेला, मूळचा शेतीसाठी. पुढे हरियाणा टुरिझमने तिथे नौकाविहार आणला, दिल्लीकर रविवारी सहलीला येऊ लागले. मग डोंगरात खाणी खोदल्या, पाणी यायच्या वाटा बंद झाल्या, भूजल खोल गेले, आणि या शतकाच्या सुरुवातीला तलाव आटला. मेट्रोचे स्टेशन त्याच्या नावाने झाले 2015 साली, तेव्हा तळाशी गुरे चरत होती. अलीकडे शुद्ध केलेले सांडपाणी सोडून तो पुन्हा भरायचा घाट घातला आहे. विनोद असा की ज्या खाणींनी तलाव पळवला, त्यांचेच सोडून दिलेले खड्डे डोंगरात निळ्याशार पाण्याने भरलेले आहेत. खोल, कडेला सरळ तुटलेले, माणसे बुडाल्यामुळे उतरायला बंदी असलेले. आणि तळे हरवण्यात फरीदाबाद काही एकटे नाही. 1982 च्या एशियाडच्या नौकाशर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या होत्या. तोही पुढे आटला.

राहता राहिला आग्रा कालवा. ओखल्याहून निघतो, 1874 पासून वाहतो, आणि शहराच्या कडेने सरळ जातो. पाण्याच्या रंगाकडे आणि ओखल्याच्या फेसाकडे काणाडोळा केला तर लांबीची ददात नाही. रुंदीची शंका होती, म्हणून एका सकाळी कालव्याच्या पुलावरून पावले टाकत मी अंतर मोजले आणि कागदावर लिहून घेतले. पलीकडे म्हशी धुणाऱ्या गृहस्थाने विचारले, ‘बाऊजी, नाप किस चीज़ का हो रहा है? सड़क चौड़ी होगी?’ मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा घ्यायला थांबलो तर रस्तारुंदीकरणाची बातमी पक्की झाली होती, टपरीवाला नुकसानभरपाईचा आकडा काढत बसला होता, आणि साहेब म्हणून माझ्याकडून त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.